टार्गेट शूटिंगसाठी स्कोप (रायफलवरची दुर्बीण) कुठला घ्यावा? आत्ता ५० मीटर, पुढेमागे १००० यार्ड

थेम्सकाठचा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. मूळचा वाईचा, सध्या मुक्काम रेडिंगजवळ. इथल्या एका रायफल क्लबात प्रोबेशन वगैरे रीतसर पार पडलं, सर्टिफिकेट आलं आणि पॉइंट टू टू ची (.२२, छोट्या गोळीची) बोल्ट ॲक्शन रायफल घेऊन टाकली. सध्या क्लबातल्या एका आजोबांनी वापरायला दिलेला जुना स्कोप लावून ५० मीटरवर बेंचवरून मारतोय, मजा येतेय पण तो आता परत द्यायचाय.

तर प्रश्न असा की क्लबात चार जणांना विचारलं तर पाच मतं येतात. एकजण म्हणतो ५० झूमच्या खाली बघूच नकोस, दुसरा म्हणतो २५ पुरे पण फर्स्ट फोकल प्लेन पाहिजेच, तिसरा म्हणतो मिल घे, चौथा म्हणतो एमओए (दोन्ही कोनाची मापं). दुकानदार ज्यात त्याला जास्त सुटतात तोच दाखवतो असा मला दाट संशय आहे. बजेट ८०० पौंड, फारच ताणलं तर हजार, त्याच्यावर गेलो तर घरी माझंच टार्गेट होईल. वर्ष-दोन वर्षांत थ्री-ओ-एट (.३०८, मोठ्या गोळीची रायफल) घेऊन इथल्या बिस्ले रेंजवर एफ-क्लास (स्कोप लावून, पडून लांबवर मारायचा खेळ) मारायचं डोक्यात आहे, आधी ६०० यार्ड मग १०००. एकच स्कोप दोन्हीकडे चालेल का? शिकार वगैरे अजिबात नाही, फक्त कागद. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रंकाळ्याचा_वारा
भावा, आधी मॅचचं नियमपुस्तक उघड, दुकानात नंतर जा. तुझ्या बेंचरेस्टला (बेंचवर रायफल टेकवून मारतात ते) आणि एफ-क्लासला स्कोप चालतो म्हणून ठीक आहे, पण हा धागा इथली पोरंपण वाचणार म्हणून लिहितो. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) स्थिर टार्गेटच्या मॅचमध्ये रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. १० मीटर एअर रायफल असो नाहीतर ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून), मागं डायॉप्टर म्हणजे आपण रेंजवर बारीक भोकाची पीप साइट म्हणतो ती, आणि पुढं रिंगवाली फ्रंट साइट, बास. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं ते असंच, आणि तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनची (पडून मारायची) वर्ल्ड चॅम्पियन झाली तीपण अशीच. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिमीची, आणि १० मीटरला तर दहा म्हणजे निव्वळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. तेवढं पीपमधनं मारतात लोक.

माझ्याकडं पालक येतात ऑनलाइन मागवलेला स्कोप पिशवीत घालून, सर हा लावला की पोराचा नेम पक्का होईल न्हवं? आता त्यांना काय सांगायचं. मॅचला इक्विपमेंट चेकिंगच्या टेबलावरनंच परत पाठवतील की. ५० मीटरला शेजारी स्टँडवर स्पॉटिंग स्कोप (गोळी कुठं लागली ते बघायची दुर्बीण) ठेवता येतो, तो वेगळा विषय.

बेंचरेस्टमध्येपण सगळीकडं मोकळं रान नाही हां. सेंटरफायर (थ्री-ओ-एटसारख्या मोठ्या काडतुसांच्या) बेंचरेस्टच्या हंटर क्लासला ६ पटीच्या वर झूम चालत नाही. तुझ्या क्लबच्या लीगचा कागद माग आणि वाच, कारण ५० झूमचा घेऊन ठेवलास आणि वर्गच दुसरा निघाला तर बोंबला.

बंड्या_टेक्सन
फर्स्ट फोकल प्लेन, मिल, २५ झूम. विषय संपला 😎

आता सविस्तर. मी इकडे अमेरिकेत एनआरएल ट्वेंटी-टू ह्या पॉइंट टू टू च्या मॅच खेळतो, सगळं १०० यार्डाच्या आतलं असतं पण घड्याळ चालू असतं आणि एका स्टेजला तीन-चार वेगवेगळ्या अंतरावरच्या प्लेटा असतात. अशा वेळी प्रत्येक प्लेटला टरेट (नेम सरकवायचं स्कोपवरचं बटण) फिरवत बसायला वेळ नसतो, रेटिकलवरच्या (आतल्या क्रॉसवरच्या) खुणेवर धरायचं आणि सोडायचं. फर्स्ट फोकलमध्ये झूम करशील तसं रेटिकलपण मोठं होतं त्यामुळे १० झूमला असो की २० ला, खाली २ मिलची खूण म्हणजे २ मिलच. सेकंड फोकलमध्ये त्या खुणा एकाच झूमला खऱ्या असतात, बाकीच्या वेळी डोक्यात त्रैराशिक मांडत बसा.

आणि मिल सोपं आहे राव. १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटिमीटर, टरेटची ०.१ ची क्लिक म्हणजे १ सेंटिमीटर. पॉइंट टू टू सबसॉनिक (आवाजापेक्षा हळू) गोळी ५० यार्डाला झिरो केली, म्हणजे नेम तिथे बरोबर बसवला, की २०० यार्डाला सात मिलच्या आसपास खाली जाते, रेटिकलमध्येच बसतं सगळं. आर्केन, ॲथलॉन, व्हॉर्टेक्स ह्यात तुझ्या बजेटमध्ये भरपूर पर्याय आहेत. आमच्याकडे बेस क्लासमध्ये रायफल आणि स्कोप मिळून किमतीला मर्यादा असते, त्यामुळे स्वस्तातले चांगले कुठले ह्यावर लोकांनी पीएचडी केलेली आहे.

ब्रिस्बेनची_मावशी
बंड्या, तुझा स्कोप तुझ्या खेळाला एकदम बरोबर आहे. प्लेट वाजली की गुण मिळाला, मधोमध वाजली की कडेला ह्याला कोण विचारतं. हा मुलगा कागदावर मारणार आहे, तिथे हिशेब बदलतो.

थेम्सकाठच्या, एफ-क्लासच्या टार्गेटवर सगळ्यात आतली रिंग, तुमच्याकडे व्ही बुल म्हणतात ती, अर्ध्या एमओएची असते. १००० यार्डाला १ एमओए म्हणजे साडेदहा इंचाला थोडं कमी, म्हणजे ती रिंग झाली ५ इंचाची. आता क्लिक बघ. ०.१ मिलची एक क्लिक १००० यार्डावर गोळी ३.६ इंच सरकवते. पाव एमओएची क्लिक २.६ इंच आणि १/८ एमओएची १.३ इंच. ५ इंचाच्या वर्तुळात ३.६ इंचाच्या उड्या मारत मधे कसा राहशील? म्हणून आमच्यातले बहुतेक जण १/८ वाला घेतात, मिलचीच सवय असेल तर ०.०५ मिलच्या क्लिकवाला बघायचा. तुझ्या ५० मीटरलासुद्धा हेच गणित आहे. ०.१ मिल म्हणजे ५ मिमी, १/८ एमओए म्हणजे १.८ मिमी, आणि वर कोल्हापूरकरांनी सांगितलंच आहे की दहाची रिंग १०.४ मिमीची.

दुसरं म्हणजे रेटिकलची जाडी. फर्स्ट फोकलमध्ये झूम पूर्ण वाढवला की रेषा जाड होतात आणि नेमका मधला भाग झाकला जातो. सेकंड फोकलमध्ये रेषा आहे तेवढीच बारीक राहते आणि टार्गेट मोठं होतं, आम्हाला हवं तेच. अंतर ठरलेलं आहे, वेळ पुरेसा आहे, खुणांवरून अंदाज बांधायची गरज नाही, वाऱ्यासाठी रिंगांवर धरून मारायचं. तेव्हा फर्स्ट फोकलसाठी जास्तीचे पैसे देऊ नकोस.

तिसरं, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही, टरेटचा एकूण प्रवास. थ्री-ओ-एट १०० यार्डाला झिरो केली की १००० ला साधारण ३६ ते ४० एमओए वर चढवावं लागतं. स्कोपचा एकूण प्रवास ६० एमओए असेल तर झिरो मधोमध धरून वर फक्त ३० उरतात. मग ऐन १००० यार्डाच्या फायरिंग पॉइंटवर टरेट अडतो आणि तू बघत बसतोस. म्हणून खाली २० एमओए उताराची रेल (स्कोप बसवायची पट्टी) लावायची, म्हणजे ३० चे ५० होतात. ही रेल पॉइंट टू टू वर लावलीस तरी ५० मीटरला झिरो होऊन जातो, काही बिघडत नाही.

वजनपण बघ. थ्री-ओ-एट म्हणजे तू एफ-क्लासच्या एफ-टीआर वर्गात जाणार, तिथे स्कोप आणि बायपॉड (पुढचे दोन पाय) धरून ८.२५ किलोची मर्यादा. दुसऱ्या वर्गाला, एफ-ओपनला, १० किलो. नाइटफोर्सचा कॉम्पिटिशन १५-५५×५२ आठशे ग्रॅमच्या आत आहे म्हणून तो एफ-टीआर वाल्यांच्या रायफलीवर फार दिसतो, पण तो नवा तुझ्या बजेटमध्ये यायचा नाही. काही भारदस्त स्कोप किलोच्या वर जातात, मग बॅरलमधून वजन काढत बसावं लागतं.

थेम्सकाठचा
मावशी, हे प्रिंट काढून भिंतीला लावतोय 🙏 म्हणजे सेकंड फोकल आणि १/८ एमओए असं धरून चालतो. मग झूम? ५० खरंच लागतो का? आणि क्लबातले आजोबा सारखं पॅरलॅक्स पॅरलॅक्स करतात, ते नेमकं किती मनावर घ्यायचं?

अडगळीतला_प्रोफेसर
पॅरलॅक्सवर मी लिहितो, झूमचं मावशींवर सोडतो.

काटेवाला स्पीडोमीटर शेजारच्या सीटवरून बघितला की ६० च्या जागी ५५ दिसतो, तोच प्रकार स्कोपच्या आत होतो. टार्गेटची प्रतिमा आणि रेटिकल एकाच पातळीत आले नसतील तर डोळा जरा हलला की क्रॉस टार्गेटवरून सरकतो, रायफल मात्र तिथेच असते. किती सरकतो ह्याचं साधं सूत्र आहे, पुढच्या भिंगाचा व्यास घ्या, टार्गेटचं अंतर आणि पॅरलॅक्स जिथे पक्का केलाय ते अंतर ह्यांच्यातल्या फरकाने गुणा आणि पॅरलॅक्सच्या अंतराच्या दुपटीने भागा. ४० मिमी भिंगाचा, १०० यार्डाला पक्का केलेला साधा शिकारीचा स्कोप ५० यार्डावर वापरला तर ४० गुणिले ५० भागिले २००, म्हणजे १० मिमी. डोळा पार कडेला गेला तर तुमची अख्खी दहाची रिंग गेली. तोच १० यार्डावर वापरला तर १८ मिमी. रोज गाल दस्त्यावर बरोबर त्याच जागी टेकत असेल तर एवढं होत नाही, पण रोज टेकतो का ते आपलं आपल्याला माहीत.

त्यामुळे बाजूला किंवा पुढच्या भिंगावर पॅरलॅक्सचं चाक असलेलाच घ्या, आणि ते खाली किती अंतरापर्यंत येतं ते बघा. काही जास्त झूमचे स्कोप ५० यार्डाच्या खाली उतरतच नाहीत, मार्च कंपनीवाले १० यार्डापर्यंत आणतात. चाकावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आधी मागचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग) जुळवून घ्यायचा, म्हणजे आभाळाकडे नाहीतर पांढऱ्या भिंतीकडे बघून रेटिकल पटकन काळंशार दिसेल असा, एकटक बघत बसायचं नाही कारण डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. मग रायफल बॅगेवर पक्की ठेवून, हात न लावता, डोकं किंचित वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायचं आणि क्रॉस टार्गेटवर हलायचा थांबेपर्यंत चाक फिरवायचं. चित्र सगळ्यात स्पष्ट कुठे दिसतं आणि क्रॉस कुठे थांबतो ह्या दोन जागा वेगळ्या आल्या तर क्रॉस थांबतो ती धरायची, आणि आयपीस पुन्हा एकदा तपासायचा.

गोदाकाठी
मधेच घुसतो, माफी. माझ्याकडे स्प्रिंगची छर्ऱ्याची बंदूक आहे, पॉइंट वन सेव्हन सेव्हन, २० ज्यूलच्या आतली. गच्चीवर २० मीटरचा जुगाड केलाय, मागे रेतीची पोती वगैरे सगळं नीट. तिच्यावर व्हॉट्सॲपवर कोणीतरी विकतोय तो फायरआर्मचा म्हणून असलेला भारी स्कोप लावला तर चालेल का? थ्री-ओ-एटचा धक्का सहन करतो म्हणतोय म्हणजे छर्ऱ्याला काय होणार.

बंड्या_टेक्सन
काहीही होऊ शकतं 😂 रायफलीचा धक्का मागे येतो, स्कोप त्याच हिशेबाने बांधलेला असतो. स्प्रिंगवाल्या एअरगनमध्ये पिस्टन पुढे जाताना बंदूक मागे येते आणि पिस्टन टोकाला आपटला की झटकन पुढे जाते, हा उलटा हिसका बऱ्याच चांगल्या चांगल्या स्कोपांचं रेटिकल सैल करतो. एअरगनसाठी असं स्पष्ट लिहिलेलाच घे, हॉक वगैरेंचे मिळतात, आणि पॅरलॅक्स १० यार्डापर्यंत येणारा. माउंट एका तुकड्याचा आणि मागे स्टॉप पिन असलेला, नाहीतर स्कोप हळूहळू मागे सरकत जातो आणि तू म्हणतोस झिरो हलतोय.

थेम्सकाठचा
गोदाकाठी, इकडे फील्ड टार्गेट म्हणून एअर रायफलचा खेळ आहे तो बघा कधीतरी यूट्यूबवर. १२ फूट-पाउंडच्या आतल्या रायफली, ५५ यार्डापर्यंतची टार्गेटं, लेझरने अंतर मोजायला बंदी. मग लोक काय करतात तर पॅरलॅक्सच्या चाकाला ताटाएवढी चकती बसवतात, चित्र स्पष्ट होईल तिथे चकतीवर त्यांनी स्वतः चिकटवलेला आकडा वाचतात आणि तेवढ्या क्लिक देतात. आमच्या क्लबात एका बाईंच्या चकतीवर अर्ध्या-अर्ध्या यार्डाच्या खुणा आहेत, बारीक पेनने काढलेल्या, वर पारदर्शक टेप. त्यांच्याकडे ४०-५० झूम अंतर मोजायलाच लागतो म्हणे.

ब्रिस्बेनची_मावशी
हो, आणि तिथूनच बरेच जण ५० चा आकडा उचलतात.

झूमचं सांगते. भिंगाचा व्यास भागिले झूम म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. ५० चं भिंग आणि ५० झूम म्हणजे १ मिमी. ढगाळ दिवशी तुमच्या इंग्लंडात तेवढ्यात चित्र मळकट दिसतं आणि डोकं जरा हललं की काळोख. त्यातून ऊन पडलं की जमिनीवरून लहरी उठतात, मिराज, आणि ५० झूमला टार्गेट उकळल्यासारखं नाचतं. मग सगळेच झूम उतरवून २५-३० वर येतात. पण मिराज दिसणं वाईट नव्हे हां, लहर कुठल्या बाजूला वाहतेय त्यावरून वारा कळतो, झेंडे पडलेले असतानासुद्धा. ती वाचता येईल इतपत झूम हवा आणि नेम धरता येईल इतपत कमीही करता आला पाहिजे. म्हणून १०-५० किंवा १५-५५ असा बदलता घ्यायचा, वरचं टोक सकाळच्या थंड हवेसाठी. बिस्लेला स्टिकलडाउनवर ८०० ते १२०० यार्ड आहेत, तिथे दुपारी तुला हे आपोआप कळेल. फक्त ५० मीटरचं असतं तर मी डोळे झाकून वीव्हरचा टी-३६ सांगितला असता, ३६ पट स्थिर, १/८ च्या क्लिक, बेंचरेस्टवाल्यांचा जुना लाडका.

आणि बॅरल तापली की तिच्यावरूनपण लहरी उठतात, त्यासाठी बॅरलवर ताणून लावायचा मिराज बँड मिळतो, किरकोळ किमतीत.

खवचट_खापर
पॉपकॉर्न संपले. हजार पौंडाचा स्कोप, आणि गोळ्या कुठल्या मारतोयस रे बाबा? दुकानात पुढे दिसेल तो डबा? पॉइंट टू टू मध्ये प्रत्येक बॅरलला गोळ्यांची वेगळी लॉट (कारखान्यातली खेप) आवडते, हे पन्नास झूममधून आणखी मोठं करून बघण्यापेक्षा आधी तिकडे पैसे घाल. एली ह्या गोळ्यांच्या कंपनीची टेस्ट रेंज बर्मिंगहॅमजवळ आहे, तुला जवळ आहे, रायफल घेऊन जा, ते क्लॅम्पमध्ये बसवून वेगवेगळ्या लॉट मारून ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) दाखवतात. लापुआची तशी सोय जर्मनीत शोनेबेकला आहे. ५० मीटरला बरी लॉट सापडली की ग्रुप जेवढा आवळतो तेवढा कुठलाच स्कोप आवळून देत नाही.

रंकाळ्याचा_वारा
खापरराव पहिल्यांदाच धाग्यावर राहून बोलले 😀 पटलं पण.

अडगळीतला_प्रोफेसर
खापर बरोबर बोलतोय, तरी स्कोप घ्यावा लागणारच आहे म्हणून घेतल्यावर (किंवा जुना घेत असाल तर घेण्याआधी) काय तपासायचं ते लिहून ठेवतो. इंग्लंडात स्कोप सर्टिफिकेटवर चढवावा लागत नाही, त्यामुळे सेकंडहँड बाजार मोठा आहे, आणि तुमच्या बजेटमध्ये वापरलेला सायट्रॉन एसथ्री १०-५०×६० मिळून जावा, १/८ चा आहे, काच चांगली, एफ-क्लासला भरपूर लोकांनी वापरलाय.

तपासणीला गोळी मारायचीसुद्धा गरज नाही. स्कोप एखाद्या जड स्टँडला नाहीतर व्हाइसमधल्या रेलला पक्का आवळायचा. बरोबर १०० मीटर टेपने मोजून, रेंजफाइंडरने नव्हे, तिथे उभा कागद लावायचा आणि त्यावर ओळंबा सोडून सरळ रेघ मारायची. १/८ एमओएच्या स्कोपला ४० एमओए म्हणजे ३२० क्लिक, १०० मीटरवर १ एमओए २.९१ सेंटिमीटर धरा, म्हणजे क्रॉस ११६ सेंटिमीटरपेक्षा जरा जास्त सरकला पाहिजे. तिथे आधीच खूण करून ठेवायची. मग क्लिक मोजत फिरवायचं आणि क्रॉस खुणेवर येतो का, वाटेत ओळंब्याची रेघ सोडून बाजूला जातो का, आणि परत शून्यावर आणला की निघाला तिथेच येतो का हे बघायचं. तीन-चार वेळा करायचं. दोन टक्के कमी-जास्त निघाला आणि दर वेळी तेवढाच निघाला तर हरकत नाही, क्लिकचा हिशेब करणाऱ्या ॲपमध्ये तो आकडा भरायचा. दर वेळी वेगळा निघाला किंवा शून्यावर परत आला नाही तर काच कितीही सुंदर असो, पैसे देऊ नका.

ओळंब्याचं महत्त्व कशाला तर रायफल कलण्यासाठी. १००० यार्डाला ३६ एमओए वर चढवलेले असताना रायफल १ अंश जरी कलली तरी गोळी आडवी सहा-साडेसहा इंच जाते, म्हणजे व्ही बुलच्या बाहेर, आणि तुम्ही शिव्या वाऱ्याला देता. तेव्हा स्कोपवर बुडबुड्याची लेव्हल लावाच.

थेम्सकाठचा
अपडेट: क्लबातल्याच एकांकडे सायट्रॉन एसथ्री निघाला, बजेटमध्ये. काल क्लबात व्हाइसला लावून प्रोफेसरांनी सांगितलं तसं सगळं केलं, आजोबा शेजारी उभे राहून क्लिक मोजत होते. ११६ ला जाऊन येऊन दर वेळी शून्यावर. पॅरलॅक्सपण ५० मीटरला जुळतो. घेतोय. आता स्कोप रायफलीवर धरणाऱ्या रिंग कुठल्या उंचीच्या? भिंग ६० चं आहे, नेहमीच्या मीडियम रिंगांत बॅरलला टेकेल असं वाटतंय. आणि दुकानवाला म्हणतो स्क्रूंना लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून गच्च आवळ.

ब्रिस्बेनची_मावशी
अभिनंदन! गच्च अजिबात आवळू नकोस, नळी दबते आणि पॅरलॅक्सचं चाक जड फिरायला लागतं. टॉर्क रेंच घे, वरच्या टोप्यांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, रिंग बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो. टोप्यांना लॉकटाइट नको, कोरडेच आवळायचे, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवत आडवेतिडवे थोडे थोडे.

उंचीचं म्हणशील तर ६० च्या भिंगाची बाहेरची कड ६५ च्या पुढे जाते, त्यात झाकण आणि मिराज बँड धरून बॅरलपासून निदान तीन-चार मिमी मोकळी हवी. २० एमओएची रेल पुढे उतरती असते हे विसरू नकोस, पुढचं टोक आणखी खाली येतं. हाय रिंग लागतील असं वाटतं. पण विकत घ्यायच्या आधी आजोबांच्या जुन्या रिंगांवर ठेवून बघ, बोल्टचा दांडा वर उचलताना आयपीसला घासतोय का तेपण त्याच वेळी कळेल. मग गाल किती वर न्यावा लागतोय ते बघून चीकपीस (दस्त्यावर गाल टेकायचा भाग) उचल, आधी चीकपीस लावून नको.

खवचट_खापर
आणि एलीला फोन कर, अपॉइंटमेंट लागते.